सफरचंदाची भजी आणि कोहळ्याची बोंडे

सफरचंद हे आमच्या वऱ्हाडात खाण्याचे फळ नव्हे. ते भेटीला न्यायचे फळ आहे. कुणी दवाखान्यात भरती झाले की सोयरेधायरे फाटकासमोरच्या गाडीवरून अर्धा किलो सफरचंदे घेतात, ती रोग्याच्या उशाशी ठेवतात आणि 'आता कसं वाटते?' एवढे विचारून मोकळे होतात. रोग्याला डॉक्टरने पेज सांगितलेली असते, तेव्हा ती सफरचंदे भेटीला आलेल्यांची पोरेच संपवतात. म्हणजे सफरचंद खायचे असेल तर आधी घरात कुणीतरी आजारी पडले पाहिजे, अशी एकूण आमच्याकडची रीत! अशा या मानाच्या फळाच्या चकत्या करून, त्या पिठात बुडवून कढत तेलात सोडायच्या, असे मी गावात सांगितले, तर ऐकणारी बाई आधी माझ्याच कपाळाला हात लावून ताप पाहील.

परंतु सफरचंदाची भजी आता आमच्यापर्यंत येऊन पोहोचली आहेत. पाककृतींच्या पुस्तकांतून, दिवाळी अंकांतून आणि मुख्य म्हणजे प्रत्येकीच्या हातातल्या मोबाईलमधून ती आली. यंदाच्या स्नेहसंमेलनातील पाककला स्पर्धेत तीन टेबलांवर ती मांडलेली होती. मी चाखून पाहिली. वाईट नव्हती. वरून साखर आणि दालचिनीची पूड, आत मऊ, गोडसर फोड. या तीन टेबलांच्या पलीकडे, अगदी कोपऱ्यात, दर्यापूरकडच्या एका मैत्रिणीने कोहळ्याची बोंडे मांडली होती. समोरच्या कार्डावर तिने सुवाच्य अक्षरांत लिहिले होते, 'पम्पकिन फ्रिटर्स'. मी म्हटले, 'अगं, ही तर बोंडं ना?' ती हळूच म्हणाली, 'बोंडं लिहिलं तर कोणी थांबत नाही व.' आणि ती खरे तेच सांगत होती. लोक कार्ड वाचून थांबत होते, एक उचलून तोंडात टाकत होते आणि 'कोणत्या पुस्तकातून केलं?' असे विचारत होते.

ते कार्ड माझ्या डोक्यातून जाईना, म्हणून हा लेख.

सफरचंदाच्या भज्यांशी माझे भांडण नाही, हे आधीच सांगते. उलट ती ज्या मुलखात जन्मली तिथे ती का जन्मली हे पाहिले, की त्यांच्याविषयी आदरच वाटतो. थंड देशांत सफरचंदे शरद ऋतूत एकदम तोडणीला येतात. जी टणक आणि निर्दोष असतात ती हिवाळाभर पुरवण्यासाठी तळघरात रचून ठेवतात. जी झाडावरून पडून दबली, ज्यांना डाग लागला, ती टिकत नाहीत. शिवाय एक नासले की शेजारच्यांनाही नासवते. तेव्हा डागाचा भाग कापून टाकायचा, उरलेल्याच्या चकत्या करायच्या आणि मैदा, अंडी व दूध यांच्या पिठात बुडवून तळायच्या. पदार्थाचे मूळ असे काटकसरीत आहे. हॉलंडमध्ये ३१ डिसेंबरच्या रात्री घरोघरी तळण होते. त्या दिवशी तिथे पिठाचे जे गोळे तळतात त्यांच्या नावाचा अर्थच मुळी 'तेलाचे गोळे' असा आहे, आणि त्यांच्या जोडीला सफरचंदाच्या चकत्याही पिठात बुडवून कढईत जातात. बाहेर बर्फ आणि घरात तळणाचा वास! आपल्याकडचे आखाडातले तळण याहून वेगळे काय आहे? बाहेर पाऊस, दारात चिखल, आणि घरात गुलगुल्यांचा घाणा. थंडीपावसात माणसाला गरम, गोड आणि तळलेले हवेसे वाटते, एवढे तरी सगळ्या जगात सारखे आहे.

पण हीच काटकसर इकडे येताना चैनीचा पोशाख घालून येते. आपल्याकडचे सफरचंद काश्मीर-हिमाचलातून शीतगृहे आणि मालमोटारी करीत वऱ्हाडात उतरते. ते डागाळलेले आहे म्हणून कुणी तळत नाही. तळण्यासाठी मुद्दाम किलोभर विकत आणले जाते. बरे, ते तळणीच्या कामाचे तरी असावे! सॅम्युएल स्टोक्स नावाच्या अमेरिकन गृहस्थाने १९१६ च्या सुमारास हिमाचलातल्या कोटगढला 'रेड डेलिशस' जातीची कलमे लावली. (हे गृहस्थ पुढे सत्यानंद स्टोक्स झाले आणि आपल्या स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगातही गेले, त्यांच्यावर कुणीतरी स्वतंत्र लेख लिहावा.) आपल्या बाजारात जे लालभडक, गोड सफरचंद वर्षानुवर्षे दिसत आले ते प्रामुख्याने या जातीचे. ते कापून खायला चांगले. पण शिजवले की त्याचा लगदा होतो. तळण्यासाठी तिकडे आंबट आणि टणक जातीचे सफरचंद निवडतात, म्हणजे वरच्या गोड आवरणाला आतला आंबटपणा तोलून धरतो. आपल्या स्पर्धेतल्या भज्यांत आत गोड आणि वरही गोडच होते. कृती बरोबर उतरली होती. पण ज्या कारणासाठी ती कृती होती ते कारण प्रवासात कुठेतरी गळून पडले होते.

आता बोंडांकडे वळते. पुण्या-मुंबईच्या वाचकाला 'बोंड' म्हटले की कापसाचे बोंड आठवेल. आम्हांलाही आधी तेच आठवते, आणि २०१७ साली गुलाबी बोंडअळीने कपाशीचे जे केले त्यानंतर तर हा शब्द आमच्या घरांत बरेच दिवस हसून उच्चारला जात नव्हता. पण वऱ्हाडात बोंडे कढईतही असतात. कोहळे, म्हणजे इतरत्र ज्याला लाल भोपळा म्हणतात ते, गुळात शिजवून, त्यात कणीक मिसळून जे गोल गोल तळतात ती बोंडे. देशावर आणि कोकणात याच भोपळ्याचे घारगे करतात. ते पुरीसारखे थापायचे असतात. आमच्याकडे थापण्याची भानगड नाही. पीठ हातात घेऊन अंगठ्याने तेलात सोडायचे. तेलात पडल्यावर ते फुगते, कुठे टोक निघते, कुठे फट पडते, आणि खरेच ते उमलायच्या बेतात असलेल्या कपाशीच्या बोंडासारखे दिसू लागते. नाव त्यावरूनच पडले असावे असे मला वाटते. कापसाच्या मुलखाला दुसरी कोणती उपमा सुचणार?

कोहळ्याचा वेल आमच्याकडे कुणी लाडाने वाढवत नाही. शेताच्या धुऱ्यावर, उकिरड्याच्या कडेला, गोठ्याच्या छपरावर तो आपला आपण चढतो. त्याला खताची पिशवी नाही, फवारणी नाही. पिकलेले कोहळे देठासकट तोडून माळ्यावर ठेवले की महिनोन् महिने टिकते. तिकडे तळघरात सफरचंद, तसे इकडे माळ्यावर कोहळे! मात्र एकदा ते फोडले की दोन-तीन दिवसांत संपवावे लागते. सात-आठ किलोचे कोहळे एका घराने कसे संपवायचे? म्हणून फोडी शेजारीपाजारी वाटल्या जातात, एक दिवस भाजी होते, आणि तरीही जे उरते त्याची बोंडे होतात. सफरचंदाची भजी आणि कोहळ्याची बोंडे ही सख्खी भावंडे आहेत असे मी म्हणते ते यासाठी. दोन्ही पदार्थ 'हे वाया जाऊ नये' या एकाच चिंतेतून आलेले आहेत.

जाता जाता एक गोष्ट. अख्ख्या कोहळ्यावर पहिला घाव बाईने घालू नये, असा आमच्या गावात समज आहे. त्यामुळे बाबा शेतातून येईपर्यंत कोहळे तसेच बसून असते. शेत निंदायचे बाईने, कापूस वेचायचा बाईने, ते कोहळे डोक्यावर घेऊन घरी आणायचे बाईने. आणि घाव तेवढा पुरुषाने घालायचा! बोंडांच्या संपूर्ण कृतीत पुरुषाचे काम एवढेच. बाबा मात्र ते मोठ्या गांभीर्याने करतात.

पुढचे सगळे आईचे. फोडीची साल काढायची, गर चिरायचा आणि गंजात झाकण ठेवून मंद आचेवर शिजवायचा. पाणी घालायचे नाही, फार तर खाली लागू नये म्हणून हबका मारायचा, कारण कोहळ्याच्या अंगातच भरपूर पाणी असते. शिजले की गरम असतानाच गूळ घालायचा. गूळ विरघळला की सगळे पुन्हा पातळ होते; नवखी बाई इथे घाबरून लगेच कणीक ओतते आणि मग बोंडे दगडासारखी होतात. थांबायचे असते. मिश्रण निवू द्यायचे, मग त्यात चिमूटभर मीठ, सोप, असल्यास वेलदोडा, चमचाभर कडकडीत तेलाचे मोहन, आणि शेवटी कणीक. 'कणीक किती?' असे मी पहिल्यांदा विचारले तेव्हा आई म्हणाली, 'कोहयं मांगन तितली.' (आमच्या बोलीत 'ळ'चा 'य' होतो, हे शहरी वाचकांसाठी सांगून ठेवते.)

त्या वेळी हे उत्तर मला उडवाउडवीचे वाटले. माझा एक विषय गृहअर्थशास्त्र आहे. आमच्या प्रात्यक्षिकाच्या वहीत 'साहित्य, प्रमाण, कृती' असे रकाने असतात आणि प्रमाणाच्या रकान्यात 'कोहळे मागेल तेवढी' असे लिहून चालत नाही. तेव्हा सुट्टीत घरी मी वजन करून पाहिले. दोन्ही वेळेस अर्धा किलो गर आणि दोनशे ग्रॅम गूळ घेतला. पहिल्या वेळी पाव किलो कणीक पुरली. दुसऱ्या वेळी तिनशे चाळीस ग्रॅम लागली. कारण उघड होते. पहिले कोहळे चार महिने माळ्यावर राहून आटलेले होते. दुसरे नुकतेच वेलावरून उतरवलेले, पाणीदार होते. पुस्तकातले 'दोन वाट्या' एका कोहळ्याला खरे आणि दुसऱ्याला खोटे ठरले असते. आईचे उत्तर मात्र दोघांनाही लागू पडत होते. ती पीठ बोटांवर उचलते, हात किंचित कलता करते आणि ते किती सावकाश सुटते ते पाहते. हीच तिची मोजणी. विज्ञानाच्या मुलांनी याला दाटपणाची चाचणी म्हटले असते आणि त्यासाठी एखादे काचेचे उपकरण मागवले असते.

तळण्याचेही तसेच. तेल तापले की नाही हे ती पिठाचा एक थेंब टाकून पाहते. थेंब तळाशी बसून राहिला तर तेल थंड आहे. टाकताक्षणी वर येऊन काळा पडला तर फार तापले. गुळामुळे बोंडाचा रंग लवकर चढतो, म्हणून भज्यांपेक्षा आच कमी लागते. नाही तर वरून तांबूस आणि आत कच्चे. बोंडाभोवती जे बुडबुडे उठतात ते तेलाचे नव्हेत, पिठातल्या पाण्याची वाफ बाहेर पडत असते. ही वाफ जोवर बाहेर रेटते आहे तोवर तेल आत शिरू शकत नाही. बुडबुडे मंदावले की वाफेचा पहारा उठला. मग बोंड तेल पिऊ लागते. तेव्हा नेमक्या त्या क्षणी झारा घालायचा. मला हे कारण वर्गात कळले. आईला कारण ठाऊक नव्हते, पण क्षण ठाऊक होता. ती बुडबुड्यांचा आवाज ऐकते. पाठमोरी बसून कणीक मळत असली तरी मला सांगते, 'काढ आता.'

यावर कुणी म्हणेल, त्यात काय मोठेसे? सगळ्याच बायकांना हे येते. हाच तर मुद्दा आहे! जे सगळ्या बायकांना येते ते ज्ञान नव्हे, असे आपण कधी ठरवले? मी कॉलेजात जाते असे कळल्यावर आमच्या शेजारच्या काकूंनी विषय विचारले. मी सांगितल्यावर त्या पदर तोंडाला लावून हसल्या आणि म्हणाल्या, 'पोया लाटाले कॉलेज कायले लागते व बाई?' गावात स्वयंपाकाला शिक्षण लागत नाही म्हणून हसतात, आणि इकडे होस्टेलात गृहअर्थशास्त्र म्हणजे हलका विषय म्हणून हसतात. दोन्हीकडचे हसणे एकाच जातीचे आहे. आपल्याच भागाचे उदाहरण घ्या. अकोल्यास १९६९ साली कृषी विद्यापीठ निघाले. त्याला डॉ. पंजाबराव देशमुखांचे नाव आहे. शेतकऱ्याला बियाणे, माती, पाऊस यांतले जे कळते ते विद्यापीठात अभ्यासण्याजोगे आहे, हे तेव्हाच मान्य झाले. मग तेच पीक घरात आल्यावर बाईला जे कळते ते उंबऱ्याच्या आतच का राहावे?

छापील पाककृतींच्या मी विरुद्ध आहे असे मात्र कुणी समजू नये. कमलाबाई ओगले यांचे 'रुचिरा' १९७० साली निघाले. कमलाबाईंचे शालेय शिक्षण चौथीपर्यंतच झाले होते. घरात वावरून जे हाताला कळले ते त्यांनी वाटी-चमच्याच्या मापात बसवून कागदावर उतरवले, आणि त्या पुस्तकावर महाराष्ट्रातल्या कितीतरी मुलींनी संसार मांडले. चौथी शिकलेल्या बाईचे ज्ञान छापले गेले की आपण ते पदवीधरांच्या स्वयंपाकघरात मानाने ठेवतो. माझी आई दुसरीपर्यंत गेली आहे. दोघींत अंतर आहे ते छापखान्याचे, असे मला वाटते. आणि इथे आम्हां पहिल्यांदा कॉलेजात आलेल्या मुलींचे एक काम निघते. आमच्या एका हाताला वही आहे, आणि दुसरा हात अजून पिठात आहे. आमच्या मुली कॉलेजात येतील तेव्हा कदाचित त्यांचे दोन्ही हात वहीवरच असतील.

आता तेलाविषयी. तळणाच्या लेखात तेल विसरून चालत नाही. गरिबाच्या घरात तर तळण म्हणजे आधी तेलाचा हिशेब. पूर्वी आमच्या भागात जवस, करडी, तीळ, भुईमूग यांचे तेल गावच्या घाण्यावर निघे. आजीच्या सांगण्यात अजून जवसाच्या तेलाचा वास येतो. घाणे गेले आणि पाकिटे आली. एक लिटरच्या पाकिटात ९१० ग्रॅम तेल बसते. दुकानात हल्ली तेवढ्याच आकाराची, पण कमी वजनाची पाकिटेही दिसतात, तेव्हा वजन वाचून घ्यावे. भारत आपल्या गरजेचे निम्म्याहून अधिक खाद्यतेल परदेशांतून आणतो. एप्रिल २०२२ मध्ये इंडोनेशियाने पामतेलाची निर्यात काही आठवडे बंद केली, आणि ज्या बायकांनी इंडोनेशिया नकाशावरही पाहिलेला नाही त्यांच्या कढया त्यामुळे फळीवर गेल्या.

याहून चमत्कारिक स्थिती सोयाबीनची. आमचे घर सोयाबीन विकणारेही आहे आणि सोयाबीनच्या तेलाचे पाकीट विकत आणणारेही आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये सरकारने बाहेरच्या कच्च्या खाद्यतेलावरचे मूळ आयातशुल्क शून्यावरून २० टक्क्यांवर नेले. तेल महागले. शेतकऱ्याला भाव मिळावा हा त्यामागचा हेतू. पण त्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये असताना वऱ्हाडातल्या बाजारांत त्याखालीच विक्री चालली होती. पुढे मे २०२५ मध्ये ते शुल्क १० टक्क्यांवर आणले गेले. म्हणजे बाबांनी अडत्याकडून पडलेला चेहरा घेऊन यायचे आणि त्याच संध्याकाळी आईने किराणावाल्याकडून! तेलाच्या धोरणावर वर्तमानपत्रांत अग्रलेख येतात, त्यांत शेतकरी एका रकान्यात असतो आणि गृहिणी दुसऱ्या. एकाच छपराखाली दोघेही राहतात, एकाच चुलीवर जेवतात, हे त्या रकान्यांना कसे कळावे? म्हणून आमच्याकडे बोंड तेल किती पिते, हा चवीचा प्रश्न नाही. बुडबुडे थांबण्याआधी झारा घालणे हे आईचे अर्थशास्त्र आहे.

धान्याचेही असेच उलटेपालटे झाले आहे. एके काळी वऱ्हाडात ज्वारी रोजची आणि गहू सणाचा. कणकेची बोंडे, कणकेचे गुलगुले हे सणावारीच होत, ते त्यामुळे. आता रेशनवर गहू मिळतो आणि ज्वारी बाजारातून महाग आणावी लागते. सणाचे धान्य रोजचे झाले आणि रोजचे धान्य दुर्मिळ झाले. तरीही बोंडांना सणाचाच मान राहिला, कारण तेल आहे.

दोन आक्षेप मला अपेक्षित आहेत. पहिला आरोग्याचा. तळलेले खाऊ नये, हे मलाही पाठ आहे. पण वर्षातून चार-सहा वेळा घरी, ताज्या तेलात केलेली बोंडे आणि रोज संध्याकाळी चौकात, दिवसभर उकळलेल्या तेलातला आलूबोंडा यांना एकाच पारड्यात टाकू नये. शिवाय कोहळ्याचा तो केशरी रंग ज्या द्रव्यामुळे असतो त्यापासून शरीर 'अ' जीवनसत्त्व तयार करते, आणि ते अंगी लागायला थोडी तेलातुपाची सोबत लागतेच. जास्त लांबवत नाही.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. कुणी म्हणेल, ही संकुचित वृत्ती झाली. आपले ते सोने आणि परक्याचे ते पितळ. तर वाचकहो, कोहळेही परकेच आहे! त्याचे मूळ अमेरिका खंडातले. मिरची, आलू, भुईमूग यांच्याप्रमाणे तेही युरोपीय दर्यावर्दी अमेरिकेला पोहोचल्यानंतरच इकडे आले. सफरचंद मध्य आशियातल्या डोंगरांतले, म्हणजे अंतराने पाहिले तर तेच आपल्याला जवळचे. मग कोहळे आपले कसे झाले? तर ते धुऱ्यावर चढले, माळ्यावर टिकले, गरिबाला परवडले, आणि इथल्या बायकांनी त्याला आपल्या गुळात, आपल्या कणकेत घेतले. त्याला इथले नाव मिळाले. सफरचंदालाही तसेच घ्यायला माझी ना नाही. दवाखान्यातून परत आलेल्या पिशवीत तळाशी जी दोन मऊ पडलेली सफरचंदे राहतात ती कुणी किसून गुळात आटवावी, कणकेत मिसळून बोंडासारखी सोडावी. ती वऱ्हाडी सफरचंदाची भजी होतील, आणि ती कुठल्याही पुस्तकात नसतील. मी करून पाहिली आहेत. गूळ कमी घालावा आणि थोडे लिंबू पिळावे.

मला राग येतो तो कार्डाचा. मैत्रिणीचा नव्हे, तिने लोकांची नजर ओळखून शहाणपणाच केला. पण ज्या सभागृहात बसलेल्या बहुसंख्य मुलामुलींच्या घरी बोंडे होतात, त्याच सभागृहात बोंडांना परक्या नावाने यावे लागते, आणि ते नाव वाचून आपणच थांबतो, हे मला बरे वाटले नाही. परीक्षकांनी 'कोणत्या पुस्तकातून?' असे विचारले तेव्हा तिने 'आईकडून' असे उत्तर दिले, आणि परीक्षकांनी कागदावर काही लिहिले नाही. तिथे रकानाच नव्हता.

तेव्हा पुढील वर्षीच्या स्पर्धेसाठी स्नेहसंमेलन समितीला माझी एक सूचना आहे. 'नावीन्यपूर्ण पदार्थ' हा गट खुशाल ठेवावा. त्याच्या जोडीला एक गट असा असावा की ज्यात पदार्थ घरच्या माणसाकडून शिकलेला असेल, आणि कार्डावर पदार्थाचे घरातले नाव, तो कुणाकडून शिकला त्या बाईचे नाव आणि गाव लिहावे लागेल. मुलांनाही त्यात घ्यावे. कोहळे फोडून झाल्यावर त्यांनी थोडा वेळ तिथेच थांबायला हरकत नाही. पुस्तकाचे नाव विचारू नये. त्याऐवजी कृतीत एखादी गोष्ट का करतात ते विचारावे, आणि 'माहीत नाही, पण असं केलं नाही तर बिघडते' हेही उत्तर धरावे. आणि तळणाच्या पदार्थांसाठी एक नियम करावा. स्पर्धेपूर्वी कढईतले तेल तोलावे, तळून झाल्यावर पुन्हा तोलावे, आणि ज्या पदार्थाने सर्वांत कमी तेल प्यायले त्याला वेगळे गुण द्यावेत. यासाठी लागणारा तराजू गृहअर्थशास्त्राच्या प्रयोगशाळेत आहे. कोहळे मी गावाहून घेऊन येईन. फक्त बडनेऱ्याला गाडी बदलावी लागते, तिथे ते उचलू लागायला कुणीतरी यावे.